सगळीकडे सारखाच गरम

सकाळपासून धुकं असं खाली उतरून बसलं होतं, की गॅरेजच्या पत्र्यावरून थेंब टपटपत होते आणि पावसाचा मात्र पत्ता नव्हता. थर्मामीटरनं शटर कमरेपर्यंत वर ढकललं. तिथं ते रोजच्यासारखं अडकलं. त्यानं रोजच्यासारखी त्याला एक शिवी दिली, खांदा लावला आणि ते वर गेलं. मग दोन बादल्या नळाखाली लावल्या, काल कुणीतरी टाकून गेलेल्या फवारणी पंपाचं इंजिन भिंतीकडेला सरकवलं, आणि टपटपणाऱ्या थेंबाखाली तेलाचा रिकामा डबा ठेवला. डबा भरला की तो बाहेर ओतायचा. पत्र्याचं भोक बुजवायचं काम गेली सहा वर्षं उद्यावर होतं.

थर्मामीटर हे त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हतं. ते लोकांनी ठेवलं होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता, फक्त तो तसं तोंडावर दाखवत नसे. तापणारा ट्रॅक्टर कुठलाही असो, तो पुढची जाळी काढायचा, इंजिन चांगलं तापू द्यायचा, बंद करायचा, आणि रेडिएटरवर उजवा तळहात ठेवून वरून खाली, वरून खाली असा फिरवत न्यायचा, जसा कुणी म्हशीच्या पाठीवरून फिरवावा. रेडिएटरच्या आत बारीक उभ्या नळ्या असतात. ज्या नळीतून पाणी वाहतं ती गरम, जी चोंदली ती गार. इतकाच हिशेब. पण तो हातानं वाचायचा म्हणजे हात तसा लागतो. "इथं दोन बोटं रुंद पट्टा चोंदलाय," असं तो म्हणायचा, आणि उघडून बघितलं की तिथंच, तेवढाच पट्टा चोंदलेला निघायचा. त्याला यंत्रं वगैरे लागत नसत. चाळीस वर्षं त्याचं पोट त्या एका तळहातावर चाललं होतं.

आता तो हात मेला होता.

हे कळलं त्याला महिना झाला. कळलं तेही चहा करताना. त्यानं शेगडीवरचं भांडं नुसत्या हातानं उचललं, टेबलापर्यंत नेलं, दोन कपांत सावकाश चहा ओतला, आणि बायको ओरडली, "अहो, हात!"

"काय झालं हाताला?"

हाताला फोड आला होता. टपोरा, शर्टाच्या गुंडीएवढा. तो त्याच्याकडे असा बघत राहिला, जसा काही तो फोड शेजाऱ्याचा होता.

बायको सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात आया होती. तिनं लगेच परीक्षाच घेतली. दोन भांड्यांत पाणी घेतलं, त्याला डोळे मिटायला लावले, आणि त्याचा हात आधी एकात, मग दुसऱ्यात बुडवला.

"कुठलं गरम?"

"दोन्ही बरी आहेत."

"एक फ्रीजमधलं होतं."

मग तिच्या वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंनी फुकटात हात बघितला आणि सांगितलं, की शिरा बधिर झाल्यात, मोठ्या डॉक्टरांना दाखवा. मोठ्या डॉक्टरांनी विकत बघितला आणि तेच सांगितलं. आता आहे हे वाढू द्यायचं नाही, पण गेलेलं परत येईल याची आशा धरू नका, असंही सांगितलं, आणि गोळ्या दिल्या. गोळ्या तो घेत होता. बाकी कुणाला काही सांगत नव्हता. त्या महिन्यात त्याच्याकडे चार रेडिएटर आले. चारही त्यानं हात फिरवल्यासारखं करून "चोंदलाय" म्हणून उतरवले आणि धुऊन दिले. त्यातले तीन चांगले होते.

हे असं चाललंही असतं. पण मध्ये बाई होत्या.

बाई म्हणजे त्याच्या सातवीच्या वर्गशिक्षिका. विज्ञान आणि गणित शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थाला जातात किंवा नातवंडं सांभाळतात. बाईंनी भावाच्या वाटणीची पडीक जमीन कसायला घेतली आणि तिच्याबरोबर भावाचा अडतीस वर्षांचा ट्रॅक्टर. तो त्या स्वतः चालवायच्या, डोक्याला रुमाल बांधून, वर्गात फळ्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या तशा ताठ. हा ट्रॅक्टर नांगराला लावला की चाळीस मिनिटांत उकळायचा. चार महिन्यांपूर्वी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा थर्मामीटरनं रेडिएटरवर हात फिरवला, "सगळीकडे सारखाच गरम आहे, साफ आहे," असं सांगितलं, आणि पंख्याचा पट्टा बदलून दिला. ट्रॅक्टर उकळला. दोन महिन्यांपूर्वी परत आल्या तेव्हा त्यानं पुन्हा हात फिरवला, पुन्हा "सगळीकडे सारखाच" म्हणाला, आणि थर्मोस्टॅट बदलून दिला. ट्रॅक्टर उकळला.

चहाच्या भांड्यानंतर त्याला उमगलं, की तो दोन्ही वेळा खोटं बोलला नव्हता. त्याला खरंच सगळीकडे सारखाच लागला होता.

दहाच्या सुमाराला धुक्यातून आधी आवाज आला, मग वाफ, मग बाई. त्यांनी ट्रॅक्टर गॅरेजसमोर आणून बंद केला, खाली उतरल्या आणि घड्याळ बघितलं.

"एकेचाळीस मिनिटं," त्या म्हणाल्या. "आणि मागे नुसती रिकामी ट्रॉली."

"या बाई. बसा."

"बसायला नाही आले. ऐक. शहरातल्या वर्कशॉपवाल्याशी फोनवर बोलले मी. तो म्हणतो, पट्टा झाला, थर्मोस्टॅट झाला, रेडिएटर साफ आहे, म्हणजे दुखणं आत आहे. इंजिन खोलायला लागेल. उद्या गाडी पाठवतो म्हणाला. मी म्हटलं, थांब. आधी एकदा आमच्या माणसाला विचारते." त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "तर विचारतेय. आज कारण सांग. नुसतं 'हे बदलून बघू, ते बदलून बघू' नको. कारण."

थर्मामीटरनं मान हलवली. इंजिन खोललं तर आत काही निघणार नाही, हे त्याला बघताक्षणी ठाऊक होतं. मग ते पुन्हा जोडतील, ट्रॅक्टर पुन्हा उकळेल, आणि शेवटी कुणीतरी शहाणा रेडिएटर उतरवून दाखवेल, की हा बघा चोंदलेला, कुणी म्हणालं साफ आहे? आणि सगळा तालुका म्हणेल, थर्मामीटर.

"रेडिएटर उतरवून बघू का?" तो जमेल तितक्या सहज म्हणाला.

"का?"

"बघू म्हटलं."

"दोनदा तूच म्हणालास साफ आहे. आता उतरवतो म्हणतोस. मग आधीचं उत्तर चुकलं का आत्ताचं? आणि तूच मागं म्हणाला होतास, याचे कान, म्हणजे बोल्टाच्या पकडी, जुने झालेत, विनाकारण उतरवायला जाऊ नये, तुटले तर मिळायचे नाहीत."

बाईंची स्मरणशक्ती पहिल्यापासूनच वाईट होती, म्हणजे विद्यार्थ्यांच्या दृष्टीनं.

"बरं," तो म्हणाला. "मग पहिल्यापासून बघतो."

"बघ." बाई बसायला आल्या नव्हत्या, पण त्यांनी स्टूल ओढलं आणि बरोबर ट्रॅक्टरच्या नाकासमोर बसल्या.

"चहा घेऊन या हवं तर बाई. कोपऱ्यावर चांगला मिळतो. वेळ लागेल जरा."

"परीक्षा चालू असताना पर्यवेक्षक चहाला जात नसतो."

बाई आज येणार असा निरोप कालच आला होता, आणि तिथं त्याच्या बेताला पहिलं भोक पडलं. बेत असा होता, की बायको दुपारच्या पाळीला जाता जाता साडेअकराला डबा द्यायला येईल, बाई तोवर कुठंतरी असतील, बायको रेडिएटरला हात लावील, आणि तो उत्तर लिहील. नवरा-बायकोनं हा बेत सकाळी मीठ कमी पडलेल्या भाजीवरून भांडता भांडता ठरवला होता. "मी दवाखान्यात पोरं न्हाऊ घालते," बायको म्हणाली होती, "आता तुमचे ट्रॅक्टर न्हाऊ घालते." पण नाही म्हणाली नव्हती.

तो कामाला लागला. आणि इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, की हात सोडला तर माणूस शाबूत होता. इंजिन जरा निवल्यावर त्यानं फडकं धरून झाकण आधी अर्धंच फिरवलं, फुस्स होऊ दिलं, मग काढलं. झाकणाचं रबर दाबून बघितलं, ठीक होतं. पाणी वरपर्यंत भरलं. इंजिनच्या तेलाची पट्टी ओढून बघितली. तेल काळं होतं, दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी तेलात जात नव्हतं. मग इंजिन चालू करून उघड्या तोंडातून पाण्याकडे एकटक बघत राहिला.

"काय बघतोस?" बाई.

"बुडबुडे. गॅस्केट गेलं असतं तर खालून येत राहिले असते."

"येतायत का?"

"तुम्हीच बघा. लांबून हां."

बाईंनी बघितलं. पाणी नुसतं फिरत होतं. त्यानं खालचा जाड रबरी पाइप दाखवला, इंजिनचा वेग वाढवून. "हा आतून मऊ पडला असता तर वेग वाढवल्यावर ओढून चपटा झाला असता. होत नाही. पंप पाणी ओढतोय. पंख्याची पाती सरळ आहेत, वारा आत ओढतायत, ही बघा." त्यानं खिशातला चुरगळलेला कागद जाळीपुढे धरला, तो जाळीला चिकटून बसला. "पट्टा ताठ आहे. थर्मोस्टॅट मी घालायच्या आधी घरी पाण्यात उकळून बघितला होता, उघडतो."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचं इंजिन ठणठणीत आहे. खोलायची गरज नाही."

"मग उकळतं कशानं?"

उरलं होतं ते एकच. त्यानं जाळी काढली, बाहेरून अडकलेलं चिमूटभर गवत झटकलं, आणि झाकण लावून इंजिन तापायला सोडून दिलं. ट्रॅक्टर एका जागी घुंईं करत राहिला, बाई एका जागी बसून राहिल्या, आणि थर्मामीटर पाना पुसत राहिला. तो पाना त्या सकाळी तिसऱ्यांदा पुसला जात होता.

साडेअकराला पाच कमी असताना बायको आली. अंगावर दवाखान्याची निळी साडी, हातात डबा. बाईंना बघून दारातच थबकली.

"बाई, नमस्कार. बऱ्या आहात?"

"मी बरी आहे. हा उकळतोय," बाईंनी ट्रॅक्टरकडे बोट केलं.

थर्मामीटरनं इंजिन बंद केलं. आता वेळ दवडून चालणार नव्हतं. नळ्या निवायला लागल्या की सगळी वाक्यं पुसली जातात. तो रेडिएटरपुढे बसला. बायको "अगं बाई, किती हो जुना हा!" असं काहीतरी म्हणत त्याच्या शेजारी वाकली. त्यानं तळहात वर ठेवला. तिनं त्याच्या हातालगत आपल्या हाताची मागची बाजू टेकवली. त्याचा हात खाली, तिचा हात खाली. त्याचा सरकला, तिचा सरकला. जात्यावर बसल्यासारखे दोघं जण.

"डॉक्टरांचा चहा," बायको दवाखान्याच्या मापात पुटपुटली.

"हं," थर्मामीटर मोठ्यानं म्हणाला, "इथं चांगला गरम आहे."

"डॉक्टरांचा चहा... डॉक्टरांचा चहा... बाळंतिणीचं."

"इथं जरा कमी."

"बाळाचं."

"काय?"

"बाळाच्या आंघोळीचं हो. कोमट. इथून इथवर सगळं बाळाचं. आणि हे तर," तिनं हात पुढे नेला आणि बाई आहेत हे ती विसरली, "हे तर न्हाऊ घालून टबात विसरलेलं. गार ढोण!"

स्टूल करकरलं.

"एक मिनिट," बाई म्हणाल्या.

त्यांचा हा 'एक मिनिट' थर्मामीटरनं पंचेचाळीस वर्षांनी ऐकला, आणि त्याचे कान सातवीतल्यासारखे लाल झाले.

"तू कुणाच्या वहीतून उतरवतोयस?"

बायको उठून उभी राहिली. तो बसूनच राहिला. "कुणाच्या नाही बाई."

"सहामाहीला सुताराच्या मुलाचा पेपर खाडाखोडीसकट उतरवला होतास, तेव्हाही असंच म्हणाला होतास. इथं हात ठेव." त्यांनी बायकोनं सोडलेल्या जागेवर बोट दाखवलं. त्यानं ठेवला. "आता इथं." ठेवला. "फरक?"

थर्मामीटर रेडिएटरकडे बघत राहिला. मूग गिळून बसता आलं असतं. 'आहे की, जरासा' म्हणताही आलं असतं. पट्टा कुठं आहे ते आता त्याला ठाऊक झालं होतं. उत्तर हातात होतं. हातातच तेवढं नव्हतं.

"कळत नाही बाई," तो म्हणाला. "हात मेलाय. गरम-गार काही कळत नाही."

"कधीपासून?"

"कळून महिना झाला. मेला कधी, ते कळलं नाही."

"म्हणजे दोन्ही वेळा 'सगळीकडे सारखाच' म्हणालास..."

"मला सारखाच लागला."

पत्र्यावरून डब्यात थेंब पडत होते, ते मोजता आले असते. बायकोनं डबा या हातातून त्या हातात घेतला.

"आणि कळल्यावर महिनाभर?"

"चोंदले आहेत म्हणून सगळेच धुऊन दिले."

"न चोंदलेलेसुद्धा?"

"ते तीन फार स्वच्छ निघाले," थर्मामीटर म्हणाला.

बायकोला हसू आलं, ते तिनं पदरात दाबलं. बाईंना आलं नाही. "चुकणं वेगळं," त्या म्हणाल्या, "आणि झाकणं वेगळं. चुकलं त्याला मी कधी मारलं नाही, तुझी पाठ साक्षीला आहे. मला सांगितलं असतंस तर मी काय तुला खाल्लं असतं?"

"बाई, माझं नावच थर्मामीटर आहे."

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"मी कधीची सांगतेय यांना," बायको म्हणाली. आता सगळं बाहेर आलंच होतं, तर तिनंही उरलंसुरलं काढलं. "दवाखान्यात आम्ही बाळाचं पाणी तळहातानं बघतच नाही. तळहात कामाचा असतो, तो फसवतो. कोपरानं बघतो. यांना म्हटलं कोपर लावा, तर म्हणतात लोक हसतील."

"हसतील तर हसतील," बाई म्हणाल्या. "लाव."

"आत्ता?"

"मग काय दिवाळीत?"

थर्मामीटरनं उजवी बाही वर सरकवली. रेडिएटरपुढे तिरका झाला, एक पाय आखडला, आणि कोपर पुढे काढून वाकला, जसा कुणी गर्दीत वाट काढायच्या तयारीत असतो. कोपर डाव्या कडेला टेकलं.

"आई गं!"

तो दोन पावलं मागे गेला. कोपर दुसऱ्या हातानं घट्ट धरलं. मग बायकोकडे बघितलं, मग बाईंकडे, आणि त्याच्या तोंडावर असं काहीतरी आलं, जे बायकोनं थोरला जन्मला त्या दिवशी पाहिलं होतं.

"लागलं," तो म्हणाला.

"टेकवून ठेवू नका हो," बायको म्हणाली. "नुसतं शिवायचं आणि उचलायचं. पोराला काय त्यात बसवायचंय?"

तो परत पुढे झाला. शिवला, उचललं. शिवला, उचललं. तोंडानं आता तो बोलत नव्हता, ओठ तेवढे हलत होते. कडेपासून चार बोटं कढत. मग ऊन. मग कोमट. मग मधोमध वीतभर रुंद पट्टा, वरपासून खालपर्यंत, गार. उजव्या कडेला पुन्हा कढत. त्यानं खडू घेतला आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या रेघा ओढल्या. बायकोनं पुन्हा हात लावून तपासलं आणि एक रेघ अर्ध्या बोटानं सरकवायला लावली. त्यानं सरकवली.

"वीतभर चोंदलाय बाई. मधला. निम्मंच पाणी थंड होतंय. नुसतं फिरवलं तर चालून जातं, काम सांगितलं की उकळतं. हे कारण."

"आता उतरव," बाई म्हणाल्या.

बायको पाळीला उशीर झाला म्हणून पळाली. त्यानं रेडिएटर उतरवला. कानांना जपून, बोल्ट एकेक आटा सोडत, आणि कान तुटले नाहीत. वरच्या टाकीचा डाख सोडवून ती उघडली आणि बाईंना आत बघायला सांगितलं. मधल्या नळ्यांची तोंडं पांढऱ्या, दगडासारख्या थरानं बुजली होती. त्यानं खिळ्यानं थोडं खरवडून त्यांच्या हातावर ठेवलं.

"क्षार," बाई म्हणाल्या.

"पाणी कुठलं घालता?"

"विहिरीचं."

"मी कूलंटचं हिरवं पाणी दिलं होतं ते?"

"ते संपलं." बाईंनी रुमालाची गाठ सोडून पुन्हा बांधली. "पाणी ते पाणी, म्हटलं."

थर्मामीटरनं खिळा फडक्याला पुसला. बाईंनी तळहातावरच्या त्या पांढऱ्या चुऱ्याकडे थोडा वेळ बघितलं. सातवीच्या पुस्तकात जड पाण्याचा धडा होता, पान कितवं तेही त्यांना आठवत असणार.

"म्हणजे माझंही उत्तर चुकलं," त्या म्हणाल्या, आणि चुरा साडीला न पुसता बाहेर जाऊन झटकून आल्या.

पुढचे तीन तास त्यानं एकेका नळीतून चपटी पोलादी सळई वरखाली करून ती मोकळी केली, उलट्या बाजूनं पाणी सोडून धुतली, आणि खालून वाहणारं पाणी पांढऱ्याचं गढूळ, गढुळाचं नितळ झालं तेव्हा थांबला. टाकीला परत डाख दिला. चढवला. हिरवं पाणी भरलं आणि बाईंनी त्याच पाण्याचा आणखी एक डबा सीटमागे ठेवून घेतला. मग ट्रॉलीत गॅरेजमागची भरावाची माती भरून बाई स्वतः रस्त्यावर निघाल्या. चाळीस मिनिटं झाली, त्या आल्या नाहीत. पन्नास झाली. थर्मामीटर रस्त्याकडे न बघता बघत होता. पंचावन्नाव्या मिनिटाला त्या आल्या, वाफेशिवाय, आणि इंजिन चालूच ठेवून वरूनच म्हणाल्या, "कोपर लाव."

त्यानं इंजिन बंद करायला लावलं, जाळी काढली आणि कोपर लावलं. मधल्या पट्ट्याला त्याला चांगला चटका बसला.

"सगळीकडे सारखाच गरम," तो म्हणाला.

"नक्की?"

"आई शप्पथ."

"शहरवाल्याला गाडी पाठवू नको म्हणून सांगते," बाई म्हणाल्या. "आणि तू त्या तिघांना सांगायचंस, ज्यांचे चांगले असताना धुतलेस. मी विचारीन त्यांना." त्या गेल्या. त्या खरंच विचारतील, यात शंका नव्हती.

त्यातला एक तसा लगेचच आला. वीटभट्टीवाला, हातात दुसऱ्याच कामाची पाण्याची मोटर घेऊन. दारातनंच ओरडला, "काय थर्मामीटर, त्या दिवशी काय हात फिरवलास राव, गाडी एकदम गार चालतेय!"

थर्मामीटरनं मोटर त्याच्या हातून घेतली आणि खाली ठेवली.

"तुझा रेडिएटर चांगलाच होता," तो म्हणाला. "माझा हात गेलाय. कळत नव्हतं, म्हणून धुऊन टाकला. हल्ली कोपरानं बघतो."

वीटभट्टीवाल्यानं त्याच्या हाताकडे बघितलं, मग कोपराकडे. कोपरावर लाल डाग उमटला होता.

"कोपरानं?"

"कोपरानं."

"आणि कोपर गेलं तर?"

"दुसरं आहे," थर्मामीटर म्हणाला.

वीटभट्टीवाला हसला, पण तसा थोडाच. मग म्हणाला, "मोटरीचं बघ बाबा. हिला कोपर लावू नकोस, करंट येतो तिच्यातनं," आणि उद्या येतो म्हणून गेला. तो बाहेर जाऊन कुणाला काय सांगेल, ते थर्मामीटरला साधारण ठाऊक होतं. त्यानं बाही खाली केली. मोटरीला चिठ्ठी बांधली, रेडिएटरमधून निघालेला पांढरा चुरा सुपलीत गोळा केला, आणि डबा काठोकाठ भरला होता, तो दोन्ही हातांनी उचलून बाहेर रस्त्याकडेला ओतायला निघाला.